आडात किती उरले आहे?

चौदा वर्षांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले, त्याच आठवड्यात मी एक जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि तेव्हापासून साखरेची प्रत्येक तपासणी तिच्यात लिहीत आले आहे. डावीकडे तारीख, मग उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, मागच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी आणि अगदी उजव्या कडेला त्या वेळी चालू असलेल्या गोळ्या. वही सलग वाचली की दिसते ते असे, की उजवा रकाना वर्षागणिक भरत गेला आणि मधले आकडे तरीही चढतच राहिले. पहिली पाच वर्षे केवळ मेटफॉर्मिन होते. मग ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम आले, त्याचे 2 झाले, 2 चे 4 झाले आणि त्यानंतर सिटाग्लिप्टिन ही तिसरी गोळी जोडली गेली. नवी गोळी आली की पुढच्या पानावर आकडे उतरत, दोन-तीन वर्षे बरी जात आणि पुन्हा चढण सुरू होई. गेल्या वर्षीच्या जुलैत एचबीएवनसी 9.3 आली. त्याच सुमारास, काहीही न करता, माझे वजन चार किलोने उतरले होते आणि मला त्याचा आनंदच झाला होता, हे लिहिताना आज ओशाळल्यासारखे होते.

"डॉक्टर, या गोळ्या आता मला लागू पडत नाहीत, दुसरी एखादी जास्त ताकदीची द्या," असे मी म्हटले. त्यांनी वही उलटसुलट चाळली आणि म्हणाल्या, "गोळी पहिल्या दिवशी जे करत होती तेच आजही करते आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी आडात किती उरले आहे ते पाहू या." ही म्हण मी जन्मभर वापरत आले, पण इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वतःच्या स्वादुपिंडाविषयी ती कधी ऐकावी लागेल असे वाटले नव्हते. त्यानंतरच्या काही महिन्यांत जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या रक्ताच्या अहवालांवरून समजून घेतले, ते येथे मांडते आहे.

ग्लिमेपिराइड ज्या गटात मोडते त्या सल्फोनिलयुरिया औषधांचा शोध अपघाताने लागला. 1942 साली फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जांबाँ हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा जातीचे एक नवे औषध देऊन पाहत होते, तेव्हा त्यांतील काही रुग्णांची साखर धोकादायक इतकी खाली गेली. त्यांचे सहकारी ऑगुस्त लुबातिएर यांनी मग हेच औषध कुत्र्यांना देऊन पाहिले. ज्या कुत्र्यांचे स्वादुपिंड जागेवर होते त्यांची साखर उतरली; ज्यांचे स्वादुपिंड पूर्णपणे काढून टाकले होते त्यांच्या साखरेवर औषधाचा काहीच परिणाम झाला नाही. मला विचाराल तर माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या एका प्रयोगातच होते. हे औषध स्वतः साखर उतरवत नाही, ते साखर उतरवणाऱ्याला हलवून जागे करते, आणि जागे करायला आत कोणीतरी असावे लागते.

ते कोणीतरी म्हणजे स्वादुपिंडातील बीटा पेशी. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने 1869 साली आपल्या प्रबंधात स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे छोटे पुंजके नोंदवले. पुढे त्यांना लँगरहान्सची बेटे असे नाव पडले. प्रौढ माणसात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, आणि तरीही त्या सर्वांचे मिळून वजन स्वादुपिंडाच्या वजनाच्या एकदोन टक्केच भरते. या बेटांमधल्या बीटा पेशी रक्तातील साखर सतत चाखत असतात. साखर पेशीत शिरते, जळते, त्यातून ऊर्जा तयार होते आणि त्या ऊर्जेच्या खुणेने पेशीच्या भिंतीतील पोटॅशियमची एक बारीक वाट बंद होते. ती बंद झाली की पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येते आणि आधीच भरून ठेवलेल्या सूक्ष्म पुड्या फुटून इन्सुलिन रक्तात सुटते. ग्लिमेपिराइड पोटॅशियमची हीच वाट थेट बंद करते, मग रक्तात साखर असो वा नसो. जेवण चुकले की या गोळीने हातपाय का थरथरतात याचे कारणही तेच.

आता यात गोळीचा वाटा किती थोडा आहे ते पाहा. वाट बंद करणे एवढेच तिचे काम. पेशी जिवंत असणे, तिच्यात इन्सुलिन तयार होऊन साठलेले असणे, ते बाहेर टाकण्याची यंत्रणा शाबूत असणे, हे सगळे गोळीच्या हातात नाही. सिटाग्लिप्टिनचे गणितही फारसे वेगळे नाही. ती आतड्यातून निघणाऱ्या जीएलपी-1 या संप्रेरकाचे आयुष्य वाढवते आणि ते संप्रेरक शेवटी बीटा पेशीलाच सांगावा धाडते. मेटफॉर्मिनचा मुख्य परिणाम यकृतावर होतो, पण शरीरात थोडेफार इन्सुलिन असल्याशिवाय त्याचाही निभाव लागत नाही. म्हणजे माझ्या तीन गोळ्यांचे दोर वेगवेगळे होते, पण तिन्ही पोहरे एकाच आडात सोडलेले होते.

गोळी थकत नाही, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा माझ्यासारख्या वयस्कांचा नसून तान्ह्या मुलांचा आहे. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होणारी काही बाळे असतात. 2004 साली असे दिसून आले की त्यांच्यापैकी अनेकांमध्ये पोटॅशियमच्या त्याच वाटेच्या जनुकात बिघाड असतो. वाट बंदच होत नाही, त्यामुळे पेशी इन्सुलिनने भरलेली असूनही ते बाहेर पडत नाही. या मुलांना तोवर आयुष्यभर इन्सुलिनच दिले जाई. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 49 रुग्णांना सल्फोनिलयुरिया देऊन पाहिले, तर 44 जणांचे इन्सुलिन पूर्णपणे थांबवता आले. पुढे सुमारे दहा वर्षांनी 81 रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांतील 75 जण अजूनही इन्सुलिनशिवाय, त्याच गटाच्या गोळीवर होते. औषध तेच, सवय होण्याइतका काळही लोटलेला, तरी गोळीचा गुण गेला नाही, कारण त्या मुलांच्या पेशी मुळात धडधाकट होत्या आणि अडचण फक्त वाटेची होती. आमच्यासारख्यांची वाट ठीक असते, साठा आटत जातो.

हा साठा किती वेगाने आटतो, याचे उत्तर ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू होऊन वीस वर्षे चाललेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाने दिले. नुकतेच निदान झालेले 5,102 रुग्ण त्यात होते. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांवरून बीटा पेशींची कार्यक्षमता अजमावण्याचे एक गणिती सूत्र आहे, आणि निरोगी माणसाची कार्यक्षमता त्यात 100 टक्के धरतात. या सूत्राने पाहिले तर निदानाच्या वेळीच रुग्णांची कार्यक्षमता साधारण निम्म्यावर आलेली होती. उतरणीची ती रेषा मागे ओढत नेली तर ऱ्हासाची सुरुवात निदानाच्या दहा-बारा वर्षे आधी झाली असावी असा अंदाज निघतो. हे वाचल्यावर मी वही मिटून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. पहिल्या पानावरच्या तारखेला माझा आजार सुरू झाला असे मी इतकी वर्षे समजत होते. प्रत्यक्षात त्या तारखेला निम्मा आड रिकामा झालेला होता.

"गोळ्यांनी स्वादुपिंड पिळून निघते, थकलेल्या बैलाला पराणी टोचल्यासारखे होते," असे अनेकांच्या तोंडून ऐकायला मिळते, आणि माझाही त्यावर बरीच वर्षे विश्वास होता. यूकेपीडीएसचे आकडे मात्र वेगळेच सांगतात. सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांची कार्यक्षमता पहिल्या वर्षी 46 टक्क्यांवरून 78 टक्क्यांपर्यंत चढली आणि सहाव्या वर्षी 52 वर आली. ज्यांना फक्त आहाराचे पथ्य होते त्यांची पहिल्या वर्षी 51 होती, ती सहाव्या वर्षी 28 वर आली. मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्थूल रुग्णांची 66 वरून 38 वर. वजाबाकी करून पाहिली तर पाच वर्षांत 26, 23 आणि 28 अशी घट येते. म्हणजे पराणी टोचलेला बैल आणि न टोचलेला बैल साधारण सारख्याच वेगाने खंगत होते. फक्त टोचलेला मधल्या काळात थोडा अधिक चालला. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अडॉप्ट नावाच्या चाचणीत 4,360 नव्या रुग्णांना तीनपैकी एकच औषध दिले होते, आणि पाच वर्षांत एकट्या त्या औषधावर साखर आटोक्यात न राहिलेल्यांचे प्रमाण रोसिग्लिटाझोनमध्ये 15 टक्के, मेटफॉर्मिनमध्ये 21 टक्के आणि सल्फोनिलयुरिया गटातील ग्लायब्युराइडमध्ये 34 टक्के निघाले. पराणीचा दोष अगदीच शून्य आहे असे म्हणता येत नाही. पण कोणतीही गोळी घेतली तरी घसरण थांबली नाही हे दोन्ही अभ्यासांत सारखेच आहे, आणि माझ्या मते महत्त्वाचे तेच आहे.

माझ्या थोरल्या भावालाही मधुमेह आहे. तो सतरा वर्षे गोळ्यांवर आहे आणि त्याची एचबीएवनसी अजून सातच्या आत असते. "तुझे पथ्य चुकते," हे त्याचे ठरलेले वाक्य. दादाशी मी वाद घालत नाही, पण सरासरी म्हणजे प्रत्येकाचे भविष्य नव्हे, एवढे त्यालाही मान्य व्हावे. यूकेपीडीएसमध्येच एका औषधावर एचबीएवनसी 7 च्या खाली ठेवू शकणारे तीन वर्षांनी निम्मे उरले आणि नऊ वर्षांनी साधारण पाव. दादा त्या पाव भागात आहे, मी उरलेल्या पाऊण भागात. आमच्या पथ्यात फरक असेल, नाही असे नाही, पण आडाची खोली आम्हाला जन्मतःच वेगवेगळी मिळालेली असते.

या पेशी जातात कोठे, हा प्रश्न मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवतो. मृत्यूनंतर तपासलेल्या 124 स्वादुपिंडांचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्या तेवढ्याच वजनाच्या माणसांशी तुलना करता, मधुमेही स्थूल व्यक्तींमध्ये बीटा पेशींचे एकूण आकारमान 63 टक्क्यांनी आणि सडपातळ व्यक्तींमध्ये 41 टक्क्यांनी कमी होते. काही पेशी सतत चढलेल्या साखरेच्या आणि चरबीच्या माऱ्याखाली मरतात. इन्सुलिनबरोबरच बाहेर पडणाऱ्या अमायलिन या प्रथिनाचे चिकट साके बेटांमध्ये जमतात आणि तेही पेशींना घातक ठरतात असे मानले जाते. प्रौढपणी नव्या बीटा पेशी फारशा तयार होत नाहीत, त्यामुळे गेलेली पेशी बहुधा गेलीच.

पण कार्यक्षमतेची सगळी घट मृत पेशींच्या हिशेबात बसत नाही. 2012 साली उंदरांवरील एका अभ्यासात दिसले की दीर्घ ताणाखाली काही बीटा पेशी मरत नाहीत, त्या आपली ओळखच विसरतात. इन्सुलिन तयार करणे थांबवून त्या अपरिपक्व पेशींसारख्या होऊन बसतात. पुढे माणसांच्या स्वादुपिंडांतही अशा खुणा आढळल्या. म्हणजे आडाचे काही झरे आटलेले असतात आणि काही नुसते बुजलेले. यांतला फरक बाहेरून दिसत नाही, पण उपचारासाठी तो फार मोलाचा आहे, कारण बुजलेला झरा मोकळा होऊ शकतो.

माझ्या वहीत या कहाणीचा एक धागा मला मागाहून सापडला. निरोगी माणसात साखर चढताच पहिल्या दहा मिनिटांत इन्सुलिनचा एक जोरदार झोत सुटतो आणि मग मंद, सततचा पुरवठा चालतो. तो पहिला झोत सर्वांत आधी जातो. उपाशीपोटीची साखर 115 मिलिग्रॅमच्या आसपास पोचेपर्यंत तो बहुतेक नाहीसा झालेला असतो. वहीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पानांवर माझी उपाशीपोटीची साखर 108, 112 अशी गुणी मुलीसारखी वागत होती आणि जेवणानंतरचा रकाना मात्र 190, 205 अशा उड्या मारत होता. त्या काळात मी अहवाल हाती आला की उपाशीपोटीचा आकडा पाहत असे आणि समाधानाने वही मिटत असे.

पुन्हा जुलैकडे येते. गोळ्या निकामी झाल्या असे ठरवण्याआधी डॉक्टरांनी जवळजवळ अर्धा तास केवळ प्रश्न विचारले. गोळ्या चुकतात का, संध्याकाळची गोळी विसरली जाते का, सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कोणी स्टिरॉइड दिले होते का, कोठे जंतुसंसर्ग आहे का, लघवीला जळजळ होते का, हिरड्या सुजल्या आहेत का, पोटात किंवा पाठीत नवीन दुखणे आहे का. शेवटच्या प्रश्नाने मी दचकले. साखर अचानक बिघडली आणि त्याबरोबर वजन घटले, तर क्वचित स्वादुपिंडाचा कर्करोगही त्यामागे असू शकतो, म्हणून त्यांनी पोटाची तपासणी करून घेतली; ती सुदैवाने स्वच्छ निघाली. जीएडी नावाच्या प्रतिपिंडांची चाचणीही त्यांनी लिहून दिली. प्रौढपणी निदान झालेल्या आणि टाइप 2 म्हणून गोळ्यांवर ठेवलेल्या रुग्णांपैकी काहींचा आजार मुळात शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच बीटा पेशींवर केलेला हळू चालीचा हल्ला असतो. यूकेपीडीएसमध्ये अशा प्रतिपिंडांचे रुग्ण दहातले एक होते. त्यांच्या गोळ्या लवकर निकामी होतात आणि इन्सुलिन लांबवणे त्यांना महागात पडते. माझी ती चाचणी नकारात्मक आली.

आणि मग सी-पेप्टाइड. बीटा पेशी इन्सुलिन थेट तयार करत नाही, ती आधी प्रोइन्सुलिन नावाची एक लांब साखळी विणते, हे 1967 साली डोनाल्ड स्टायनर यांनी दाखवले. ही साखळी तुटते तेव्हा एका बाजूला इन्सुलिन आणि दुसऱ्या बाजूला सी-पेप्टाइड, असे दोन्ही बरोबरीने बाहेर पडतात. इन्सुलिनचा जवळजवळ निम्मा भाग यकृतातून पहिल्याच फेरीत खर्ची पडतो आणि रक्तात ते काही मिनिटेच टिकते. सी-पेप्टाइडला यकृत हात लावत नाही आणि ते अर्ध्या तासाच्या हिशेबाने टिकते. शिवाय टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. म्हणून स्वतःचे स्वादुपिंड किती इन्सुलिन करते आहे हे मोजायला सी-पेप्टाइड हाच भरवशाचा साक्षीदार. त्याला बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात, त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत त्यांच्यात हा आकडा फसवा, जास्त दिसतो, एवढे ध्यानात ठेवायचे.

माझ्या पहिल्या तपासणीत मात्र घोटाळा झाला. चिठ्ठीवर सी-पेप्टाइड आणि साखर, दोन्ही एकाच वेळी घ्यायचे असे स्पष्ट लिहिलेले होते. रक्त घेणाऱ्याने एकच नळी भरली. साखरेसाठी लागते ती राखाडी टोपणाची नळी ट्रेमध्येच पडून राहिली. मी ती पाहिली, पण बोलले नाही, कारण त्यांना कळत असेल असे वाटले. अहवाल आला: सी-पेप्टाइड 1.2 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, छापील मर्यादा 0.8 ते 3.9. शेजारी बाण नाही, तारा नाही, ठळक अक्षरे नाहीत. घरी आल्यावर मी मुलीला सांगितले, "बघ, सगळे नॉर्मल आहे, उगाच घाबरवले." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि विचारले, "पण त्या क्षणी साखर किती होती?" त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

तपासणी पुन्हा करावी लागली. या वेळी उपाशीपोटी साखर 212 आणि सी-पेप्टाइड 1.1, जेवणानंतर दीड तासाने साखर 318 आणि सी-पेप्टाइड 1.7. छापील मर्यादेप्रमाणे हे दोन्ही आकडे अजूनही "नॉर्मल" होते, आणि सारी मेख तेथेच आहे. ती मर्यादा उपाशीपोटी नव्वद-शंभर साखर असलेल्या निरोगी माणसाची. साखर तीनशेच्या वर गेलेली असताना धडधाकट स्वादुपिंडाने त्याच्या कितीतरी पट इन्सुलिन ओतायला हवे होते. आग लागलेली असताना पाणी नेहमीच्या धारेने येत असेल तर त्याला पुरेसा दाब म्हणता येत नाही. साखर चढलेली असताना सी-पेप्टाइड 0.2 नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजे साधारण 0.6 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साठा जवळजवळ संपला असे समजतात, 0.6 नॅनोमोल, म्हणजे साधारण 1.8 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर स्वतःचे इन्सुलिन अजून बरेच आहे असे धरतात. मी त्या दोहोंच्या मध्ये होते. उलट बाजूने, साखर सत्तरच्या खाली असताना रक्त घेतले तर निरोगी पेशीही हात आखडता घेते आणि आकडा विनाकारण भीतिदायक दिसतो. साखरेच्या आकड्याशिवाय सी-पेप्टाइडचा अहवाल म्हणजे कर्ता नसलेले वाक्य.

चौथ्या गोळीचा विषय मीच काढला. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या एसजीएलटी-2 गटाच्या गोळ्यांना बीटा पेशींची गरज लागत नाही, हे मी वाचले होते, आणि मला तो सुटकेचा मार्ग वाटत होता. हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठी त्या गोळ्या गुणकारी आहेत हे डॉक्टरांनी मान्य केले, पण ज्याचा इन्सुलिनचा साठा तुटपुंजा आहे आणि वजन आपोआप उतरते आहे, त्याला फक्त त्या गोळीवर सोडले तर साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी मोडताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, साचून आम्लता वाढू शकते, आणि साखरेचा आकडा बरा दिसत असल्यामुळे तो धोका उशिरा ओळखला जातो, असे त्यांनी समजावले. माझे उतरलेले चार किलो हे यश नव्हते. इन्सुलिन कमी पडल्यामुळे शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी मोडून खात होते.

वजन घटवून मधुमेह माघारी फिरवण्याविषयीही मी विचारले. ब्रिटनमधील डायरेक्ट या चाचणीत काटेकोर कमी उष्मांकांच्या आहाराने एका वर्षात 46 टक्के आणि दोन वर्षांनी 36 टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहमुक्त पातळीवर आले होते, आणि त्यांपैकी अनेकांत हरवलेला पहिला झोतही परतला होता. परंतु त्या चाचणीत निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ झालेले रुग्ण घेतलेच नव्हते, आणि इन्सुलिनवर असलेलेही घेतले नव्हते. बुजलेले झरे लवकर मोकळे केले तर मोकळे होतात; चौदा वर्षांनंतर, वजन आपोआप उतरत असताना, तो मार्ग माझ्यासाठी नव्हता. आठ-दहा वर्षांपूर्वी कोणी हे नीट सांगितले असते तर मी काय केले असते, हा विचार मनात येतो, आणि मी तो फार वाढू देत नाही.

राहिले इन्सुलिन. मला त्याची भीती सुईची नव्हती. ते म्हणजे नापास झाल्याचा शिक्का, असे कोठेतरी आत बसले होते. त्या समजुतीला पहिला तडा दिला तो 2008 साली चीनमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने. नव्याने निदान झालेल्या 382 रुग्णांपैकी काहींना सुरुवातीचे काही आठवडे इन्सुलिन आणि काहींना गोळ्या देऊन, साखर उतरल्यावर सगळी औषधे थांबवली होती. एका वर्षानंतरही औषधांशिवाय साखर ठीक असलेले रुग्ण पंपाने इन्सुलिन घेतलेल्यांत 51 टक्के, सुईने घेतलेल्यांत 45 टक्के आणि गोळ्या घेतलेल्यांत 27 टक्के होते. चढलेली साखर हीच बीटा पेशीला विष ठरते, आणि बाहेरून इन्सुलिन देऊन काही काळ तो भार उतरवला की पेशी सावरते. शेवटचा उपाय म्हणून ज्याच्याकडे मी पाहत होते, तो पेशींना विसावा देणारा उपाय होता. मी नवी रुग्ण नाही, त्यामुळे तेवढ्या लाभाची आशा धरली नाही, पण भीती गेली.

पहिल्या रात्री मुलगी शेजारी बसली होती. इन्सुलिनच्या पेनाला सुई फिरवून बसवायची, मग दोन युनिट लावून सुई वर धरायची आणि टोकाशी थेंब येतो का ते पाहायचे. पहिल्यांदा थेंब आला नाही, दुसऱ्यांदा आला, दिव्याच्या उजेडात मोहरीएवढा. नंतर चकती दहावर, बेंबीपासून चार बोटे दूर, बटण दाबून दहापर्यंत मोजायचे आणि मगच सुई काढायची. मी सातवरच काढली आणि कातडीवर एक थेंब राहिला. "आई, दहा म्हणजे दहा," मुलगी म्हणाली. लहानपणी तिला पाढे म्हणायला लावताना मी याच सुरात बोलत असे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून, उपाशीपोटीचा आकडा पाहत, दर तीन दिवसांनी दोन-दोन युनिट वाढवत आम्ही बावीसवर थांबलो. ग्लिमेपिराइड आधी निम्मे झाले, मग बंद झाले. तिन्ही गोळ्यांपैकी आता फक्त मेटफॉर्मिन चालू आहे. उतरलेल्या चार किलोंपैकी तीन परत आले आणि या वेळी त्यांचे मी मनापासून स्वागत केले. सहा महिन्यांनी एचबीएवनसी 7.1 आली. त्याच वेळी सी-पेप्टाइड पुन्हा पाहिले: उपाशीपोटी साखर 124 असताना 1.3, जेवणानंतर साखर 171 असताना 2.6. आधी 318 साखरेला 1.7 देणारे स्वादुपिंड आता जवळजवळ निम्म्या साखरेला 2.6 देत होते. मी अतिशय आनंदाने हे डॉक्टरांना दाखवले. एका तपासणीवरून फार अर्थ काढू नका, असे त्या म्हणाल्या. काही पेशी विसाव्याने सावरल्या असतील, पण मेलेल्या पेशी परतलेल्या नाहीत आणि वयाची उतरण थांबलेली नाही, पुढेमागे जेवणाआधीचे इन्सुलिनही लागू शकते. मला ते सांगितलेले आवडले.

वहीचा उजवा रकाना आता पुन्हा मोकळा दिसतो: एक गोळी आणि एक आकडा. त्याच्या पलीकडे मी सी-पेप्टाइडसाठी नवा रकाना आखला आहे आणि प्रत्येक आकड्याखाली त्या क्षणाची साखर लिहायला जागा ठेवली आहे. जुलैतल्या पहिल्या 1.2 खाली ती जागा रिकामीच आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. राखाडी टोपणाची नळी भरल्याशिवाय खुर्चीतून उठायचे नाही, असे पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहे.